वापरलेली पोलो जीटी टीएसआय घेतल्यानंतर: कुरबुरी, मोठे खर्च आणि वर्षाचा हिशेब

आलेला प्रश्न थोडक्यात असा. घणसोलीत राहणाऱ्या आणि नोकरीसाठी रोज ठाण्यातल्या वागळे इस्टेटपर्यंत ये-जा करणाऱ्या एका गृहस्थांनी २०१७ सालची, ६२ हजार किलोमीटर चाललेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय वापरलेली घेतली आहे. त्यांच्या तक्रारी चार आहेत: गर्दीत कमी वेगात गाडी हलके झटके देते, खड्ड्यांत पुढच्या बाजूने खडखड ऐकू येते, ॲव्हरेज नऊ-दहाच्या वर जात नाही, आणि चालकाच्या दाराचे लॉक कधी लागते तर कधी लागत नाही. ‘गाडी घेऊन फसलो का, आणि वर्षाला किती खर्च धरून चालावे?’ असे त्यांनी विचारले आहे. तुर्भ्याच्या एमआयडीसीत याच वर्गातल्या गाड्यांचे काम मी अनेक वर्षे करत असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आपण फसलेला नाहीत. चार तक्रारींपैकी तीन किरकोळ आहेत किंवा या गाडीच्या स्वभावाचाच भाग आहेत. एक मात्र नीट तपासावी लागेल, ती म्हणजे झटक्यांची. या गाडीत खिशाला खरोखर जड जाणारी गोष्ट गिअरबॉक्स हीच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आपल्या गाडीत १.२ लिटरचे, चार सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे. त्याची ताकद १०५ पीएस आणि टॉर्क १७५ न्यूटन मीटर आहे. त्याला जोडलेला सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स डीक्यू२०० या नावाने ओळखला जातो. यात दोन क्लच असतात, एक विषम गिअरांसाठी आणि दुसरा सम गिअरांसाठी, आणि हे दोन्ही क्लच कोरडे असतात, म्हणजे ते तेलात बुडालेले नसतात. मोकळ्या रस्त्यावर ही रचना अतिशय उत्तम चालते, कारण पुढचा गिअर आधीच तयार असतो आणि बदल जाणवतही नाही. पण बंपर टू बंपर गर्दीत गाडी ताशी पाच-सहा किलोमीटरने सरकत राहिली की पहिल्या गिअरचा क्लच सतत अर्धवट लागलेला राहतो, तो घासतो, तापतो, आणि तेल नसल्यामुळे ती उष्णता लवकर बाहेर पडत नाही. साध्या गिअरच्या गाडीत रोज हाफ क्लचवर चालवणाऱ्याची क्लच प्लेट लवकर जाते, तेच इथे घडते. फक्त इथे क्लच दाबणारा पाय संगणकाचा असतो, त्यामुळे चालकाला ते कळत नाही.

म्हणून झटका नेमका कसा येतो, हे आधी घरीच पाहावे. सकाळी गाडी थंड असताना सोसायटीच्या सपाट रस्त्यावर ‘डी’मध्ये टाकून ॲक्सिलरेटर न देता फक्त ब्रेक हळूहळू सोडा आणि आतल्या आरशाकडे पाहा. गाडी निघताना आरसा थरथरत असेल आणि तीच थरथर पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना पुन्हा जाणवत असेल, तर क्लचचा पृष्ठभाग झिजलेला किंवा जळून चकचकीत झालेला असण्याची शक्यता आहे. नंतर अर्धा-पाऊण तास गर्दीत चालवून पुन्हा तेच करून पाहा. थंडीत ठीक आणि गरम झाल्यावर थरथर, असे असेल तर संशय आणखी बळावतो. पण थरथर नसून दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना फक्त एक हलका धक्का बसत असेल, तर तो या गिअरबॉक्सचा जन्मजात स्वभाव आहे. स्कॅनर लावून क्लचचे ॲडॅप्टेशन नव्याने केल्यावर, म्हणजे क्लच नेमका कुठे पकडतो हे संगणकाला पुन्हा शिकवल्यावर, तो बराच कमी होतो. हे काम हजार-दोन हजारांत होते आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. त्याच वेळी स्कॅनरवर दोन्ही क्लचची झीज आणि तापमानाच्या नोंदी वाचून घ्याव्यात. वीस मिनिटांच्या या कामातून जे कळते, ते नुसत्या टेस्ट ड्राइव्हमधून कधीच कळत नाही.

त्याआधी बॅटरी तपासा, हे मी आग्रहाने सांगतो. डीएसजीचा मेंदू ज्याला म्हणतात, तो मेकॅट्रॉनिक भाग कमी व्होल्टेजला फार संवेदनशील असतो. आपल्या हवेत बॅटरी साधारण तीन-चार वर्षे टिकते. ती अशक्त झाली की कधी गिअरचे चिन्ह लुकलुकते, कधी रिव्हर्स लागायला वेळ लागतो, आणि मालक थेट ‘गिअरबॉक्स गेला’ या निष्कर्षावर येतो. सहा-सात हजारांची बॅटरी बदलून प्रश्न मिटल्याची उदाहरणे आमच्याकडे नेहमी येतात.

मेकॅट्रॉनिक खरोखरच बिघडले, तर सम किंवा विषम गिअर एकदम गायब होतात, गाडी दोन-तीन गिअरांवरच चालते, किंवा जागची हलतच नाही. असे झाल्यास गाडी ओढत नेण्याचा अट्टहास न करता ती फ्लॅटबेडवर घालून न्यावी. पूर्ण मेकॅट्रॉनिक नवे बसवायचे तर खर्च दीड-दोन लाखांच्या घरात जातो. पुष्कळदा मात्र बिघाड त्यातल्या दाब साठवणाऱ्या ॲक्युम्युलेटरच्या घराला तडा गेल्याचा असतो, आणि जाणकार कारागीर तेवढाच भाग बदलून ते युनिट बऱ्याच कमी खर्चात पुन्हा चालू करतो. दोन्ही क्लचचा पूर्ण संच बदलायला मजुरीसह साधारण ऐंशी हजार ते लाखभर रुपये लागतात; हा संच मूळ लूक या कंपनीचा असतो आणि तोच घ्यावा. इथे एक गैरसमजही दूर करतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या या गिअरबॉक्समधले सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरण्याची मोहीम जाहीर केली होती, कारण उष्ण आणि दमट हवेत जुन्या तेलामुळे विद्युत बिघाड होत होते. आजही लोक त्याच काळातल्या कहाण्या सांगून घाबरवतात. आपली गाडी त्यानंतरची आहे.

क्लचचे आयुष्य आपल्या हातात बरेच आहे. पुढची गाडी हातभर सरकली की आपणही सरकायचे, ही सवय सोडावी. दीड-दोन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्यावी आणि मग एकदाच निघून पुन्हा पूर्ण थांबावे. थांबल्यावर ब्रेक नीट दाबून ठेवावा, म्हणजे क्लच मोकळा होतो. पाय अर्धवट ठेवला तर तो घासतच राहतो. माजिवड्याच्या किंवा तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाच्या चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी जागच्या जागी तोलून धरणे हा क्लच जाळण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे. आणि आपल्या रोजच्या रस्त्याबद्दल सांगायचे तर, दिघा, विटावा, कळवा या रस्त्याने अंतर कमी वाटले तरी संध्याकाळी तिथे तासभर सरकत राहावे लागते. ऐरोली पुलावरून मुलुंडमार्गे जाताना काही किलोमीटर जास्त पडले तरी गाडी वाहती राहते, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोलीच्या नाक्यावर हलक्या वाहनांना टोलही नाही. ज्या दिवशी ज्या रस्त्यावर गाडी वाहती राहील, तो रस्ता या गिअरबॉक्ससाठी स्वस्त.

आता इंजिन. आधीच्या मालकाने कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे, म्हणजे वर्षातून एकदा किंवा १५ हजार किलोमीटरला तेल बदलले असेल, तरी आपण तसे करू नये. टर्बोचा दांडा इंजिनच्याच तेलावर फिरतो, आपल्याकडे इंजिनचे तास किलोमीटरच्या मानाने जास्त होतात, आणि म्हणून साडेसात हजार किंवा सहा महिने यांपैकी जे आधी होईल तेव्हा तेल आणि फिल्टर बदलावा असे माझे स्पष्ट मत आहे. तेल चार लिटरच्या आसपास लागते आणि डब्यावर फोक्सवॅगनची ५०२ ००ची मान्यता लिहिलेली असली पाहिजे. दोन सर्व्हिसच्या मध्ये महिन्यातून एकदा डिपस्टिक काढून पाहावी, कारण ही इंजिने थोडे तेल पितात आणि पातळी खाली गेल्याचे दिव्याने कळेपर्यंत थांबणे धोक्याचे असते.

१.२ टीएसआय या नावाने जगभरात दोन पिढ्यांची इंजिने निघाली. इंजिन नंबर सीबीझेड या अक्षरांनी सुरू होत असेल तर टायमिंगसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखण्यासाठी, चेन असते आणि सीजेझेडने होत असेल तर बेल्ट. आरसी पुस्तकावर हा नंबर असतो, तो पाहून घ्या. चेन असेल तर सकाळी सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद कान द्यावा; धातूची खळखळ ऐकू आली तर चेन ताणलेली असण्याची शक्यता असते आणि मग चालढकल करू नये, कारण चेनने दात सोडले की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि लाखभराच्या वरचे काम निघते. बेल्ट असेल तर त्याचे वय आणि त्याबरोबरच वॉटर पंपची अवस्था पाहावी.

कुलंटकडे या गाडीत विशेष लक्ष द्यावे लागते. थर्मोस्टॅटचे घर प्लास्टिकचे असते आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याची सील कडक होऊन बारीक गळती सुरू होते. खाली थेंब पडलेला दिसत नाही, कारण गरम इंजिनवर तो लगेच वाळतो. बॉनेट उघडून टॉर्चने त्या भागावर उजेड टाकला की कडेला गुलाबी, मिठासारखा खर चिकटलेला दिसतो. तो दिसला, किंवा कुलंटची टाकी दर महिन्याला थोडी खाली जात असेल, तर ते काम लगेच करून घ्यावे. दहा-पंधरा हजारांत निपटणारी ही दुरुस्ती दुर्लक्ष केल्यास हेड गॅस्केटपर्यंत जाते. वरून नळाचे पाणी घालणे पूर्ण बंद करावे.

इंजिन मिसिंग करत असेल किंवा चढावर दम तोडत असेल, तर आधी स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल पाहावी. साठ हजारांच्या पुढे प्लग बदललेले नसतील तर न विचारता बदलावेत. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवरून ते कधी वाहत नाही आणि त्यावर काजळीचे थर जमतात. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या बाटल्यांचा या थरांवर काहीही परिणाम होत नाही, कारण ते पेट्रोल तिथपर्यंत पोहोचतच नाही. अशा बाटल्यांवर पैसे घालवू नयेत. लाखभर किलोमीटरच्या सुमारास इंजिनात हवा नेणारा मॅनिफोल्ड उतरवून, अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने ते साफ करून घेणे हा खरा उपाय आहे. बासष्ट हजारांवर बहुधा त्याची गरज पडणार नाही.

ॲव्हरेजबद्दल निराश होऊ नका. घणसोली-ठाणे अशा गर्दीच्या रस्त्यावर एसी लावून नऊ ते अकरा हा या गाडीचा प्रामाणिक आकडा आहे. लोणावळ्याच्या बाजूला संयमाने गेलात तर चौदा-पंधरा मिळतात. त्यातच आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के घट पडणे हे साधे गणित आहे. २०१७ ची गाडी या मिश्रणासाठी बनवलेली नव्हती, म्हणून इंधनाचे रबरी पाइप आणि सील दर सर्व्हिसला पाहून घ्यावेत आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नये. कोणत्या ऑक्टेनचे पेट्रोल घालावे हे टाकीच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेले असते. चढावर इंजिन ठोकल्यासारखा आवाज करत असेल तर ९५ ऑक्टेनच्या दोन-तीन टाक्या घालून फरक पाहावा; फरक पडला नाही तर जास्तीचे पैसे घालण्यात अर्थ नाही.

पुढच्या बाजूची खडखड बहुधा लिंक रॉडची आहे. हळू वेगात, एकच चाक खड्ड्यात गेल्यावर टकटक येत असेल तर लिंक रॉड, ब्रेक मारताना एकच ‘ठक’ येत असेल तर लोअर आर्मचे बुश, आणि स्टिअरिंग जागेवर वळवताना कुरकुर येत असेल तर शॉकअपच्या वरचे माउंट, अशी ढोबळ ओळख सांगता येते. लिंक रॉडची जोडी मजुरीसह तीन-चार हजारांत होते. ‘सगळे सस्पेन्शन बदलावे लागेल’ असे कोणी सांगितले, तर गाडी लिफ्टवर घेऊन प्रत्येक भाग पहारीने हलवून दाखवायला सांगावे. जो भाग हलताना दिसेल तोच बदलावा. टायरवरचा चार आकडी शिक्काही याच वेळी पाहा. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातले आहे, आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांपुढचे रबर पावसात पकड सोडते. अशा वेगवान गाडीत इथे काटकसर करू नये.

दाराच्या लॉकची तक्रार या गाड्यांत घरोघरची आहे. लॉकच्या आतली छोटी मायक्रोस्विच खराब होते आणि दार उघडे आहे की बंद हे गाडीला कळेनासे होते. नवे लॉक चार-सहा हजारांना पडते, तर काही इलेक्ट्रिशियन तेवढीच स्विच बदलून देतात आणि ते काम चांगले टिकते. छताचे कापड सुटून लोंबणे हेही आपल्या उष्ण-दमट हवेत सर्रास होते. एसीचे कूलिंग मात्र हळूहळू कमी होत असेल, तर दर उन्हाळ्यात गॅस भरत बसण्यापेक्षा गळती शोधावी. ती डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलला असेल तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि खर्च वीस-पंचवीस हजारांवर जातो. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडी उभी राहत असेल तर उंदरांचा बंदोबस्त करा. वायरिंग कुरतडल्यामुळे लागलेला इंजिनचा दिवा शोधण्यात जेवढे तास जातात, तेवढे प्रत्यक्ष बिघाडातही जात नाहीत.

पावसाळ्याआधी वायपरखालच्या खाचेतला पाला काढून तिथल्या पाण्याच्या वाटा मोकळ्या कराव्यात, नाहीतर तिथे साठलेले पाणी केबिनमध्ये उतरते. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली दरवर्षी पाणी साचते. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसले तर थांबावे आणि फिरून जावे. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नये. बंद पडण्याने होणारे नुकसान आणि पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नाने होणारे नुकसान यांत लाखभराचा फरक असतो, आणि विमा कंपनीही दुसऱ्या प्रकारात हात वर करते, जर इंजिन संरक्षणाचे ॲड-ऑन घेतलेले नसेल तर.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या: आधीच्या मालकाने गाडी रिमॅप केली होती का, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनचे सॉफ्टवेअर बदलले होते का? जोराच्या गाड्या घेणाऱ्यांत ही हौस पुष्कळ असते. हा गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे, आणि आक्रमक मॅपने इंजिन त्या मर्यादेजवळ गेले की क्लचचे आयुष्य झपाट्याने घटते. स्कॅनरवर सॉफ्टवेअरची आवृत्ती पाहून याचा अंदाज येतो. रिमॅप सापडला तर मूळ सॉफ्टवेअर परत घालावे असा माझा सल्ला आहे.

कागदपत्रांबाबत थोडक्यात लिहितो. आरसी आपल्या नावावर झाल्यावर विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज करावा; तो न केल्यास आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. नो क्लेम बोनस हा माणसाचा असतो, गाडीचा नसतो, त्यामुळे विकणाऱ्याचा बोनस आपल्याला मिळत नाही. आपल्या जुन्या गाडीचा असेल तर तो मात्र इथे वापरता येतो. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे ३,४१६ रुपये अधिक जीएसटी आहे. गाडी एप्रिल २०१९ पूर्वीची असल्याने उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का ते पाहा, जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करून आपला घ्या, आणि प्रलंबित ई-चलने पोलिसांच्या संकेतस्थळावर तपासा.

आता वर्षाचा हिशेब. महिन्याला हजार, म्हणजे वर्षाला १२ हजार किलोमीटर धरले आणि मिश्र ॲव्हरेज ११ मानले, तर जवळपास १,०९० लिटर पेट्रोल लागेल; लिटरला १०३-१०४ रुपयांच्या दराने ते सुमारे १ लाख १३ हजार होते. दोनदा तेल बदलण्यासह नियमित सर्व्हिसचे १८ हजार, विम्याचे १५ हजार, चार वर्षांत विभागलेल्या टायरचे ९ हजार, आणि ब्रेक पॅड, बॅटरी, लिंक रॉड, लॉक अशा किरकोळ कामांचे १५ हजार धरावेत. याशिवाय ३० हजार रुपये दरवर्षी वेगळ्या खात्यात टाकावेत आणि त्याला गिअरबॉक्स निधी म्हणावे. एकूण २ लाख, म्हणजे महिन्याला सोळा-सतरा हजार. पंधराचे ॲव्हरेज देणाऱ्या साध्या हॅचबॅकपेक्षा पेट्रोलचा फरक वर्षाला तीस हजारांच्या आसपासच पडतो. खरा फरक या निधीचा आहे. तो दरवर्षी बाजूला काढणे जमणार असेल तर ही गाडी निर्धास्त वापरावी. जमणार नसेल, तर क्लच अजून चांगला आहे तोवर विकणेच शहाणपणाचे, कारण झटके देणाऱ्या डीएसजीची किंमत बाजारात दुरुस्तीच्या खर्चापेक्षाही जास्त घसरते.

पोलोचे उत्पादन चाकणमध्ये २०२२ साली थांबले, तरी व्हेंटो आणि स्कोडा रॅपिडशी बरेच भाग सामाईक असल्यामुळे सस्पेन्शन, ब्रेक, दारे यांचे पार्ट मिळण्याची अडचण सध्या नाही. बंपर, दिवे आणि जीटीच्या खास वस्तूंसाठी मात्र थांबावे लागते.

तपासणीसाठी गाडी कोणत्याही जाणकाराकडे नेताना ती आदल्या रात्री तिथेच उभी करून ठेवावी, म्हणजे सकाळी थंड इंजिनचा आवाज आणि थंड क्लचची थरथर त्याला स्वतः पाहता येईल. बरोबर सर्व्हिसची जुनी बिले असतील तेवढी न्यावीत, आणि एरर कोड आधी कोणाकडूनही पुसून घेऊ नयेत, कारण ते कोड पाहूनच झटक्यांचे कारण क्लच आहे, मेकॅट्रॉनिक आहे की नुसती बॅटरी, हे सांगता येते.